शातिला : झिंकच्या छपरापासून सातव्या मजल्यापर्यंत

मुसाफिर_७१

'निर्वासितांचा कॅम्प' म्हटलं की पांढऱ्या तंबूंच्या रांगा डोळ्यांपुढे येतात. लेबनॉनची राजधानी बैरूत, तिच्या दक्षिणेकडच्या शातिलात आज तंबू औषधालाही सापडणार नाही. सहा-सहा, सात-सात मजल्यांच्या सिमेंटच्या इमारती, त्यांच्यामध्ये दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावं इतक्या बोळी (तिथला शब्द 'जारूब'), आणि वर बघितलं तर आभाळाऐवजी वायरी. तरी नाव कॅम्पच, 'मुखय्यम'. हा धागा पॅलेस्टिनी निर्वासितांच्या त्या एका कॅम्पबद्दल आहे. युद्धांची जंत्री सगळीकडे मिळते, म्हणून मी छपराच्या बाजूने सांगतो. शातिलात डोक्यावर काय आहे यावरून कुठला काळ चालू आहे ते कळतं.

१९४९ : आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीने कॅम्प उभारला. माणसं उत्तर पॅलेस्टाइनमधून आलेली. आम्का, मज्द अल-क्रूम, याजूर ही त्यातली मुख्य गावं. डोक्यावर तंबू. १ मे १९५० पासून संयुक्त राष्ट्रांच्या 'उन्रवा' या, पॅलेस्टिनी निर्वासितांसाठीच्या संस्थेचं काम सुरू झालं. लोक तिला 'वकाला' म्हणतात, म्हणजे एजन्सी.

१९५० आणि ६० ची दशकं : भिंती आल्या, छप्पर मात्र झिंकच्या पत्र्याचं. काँक्रीटचं छत घालायला बंदी होती, आणि ती लेबनॉनच्या लष्करी गुप्तचर खात्याची, 'दुसऱ्या ब्युरो'ची. पक्कं छत म्हणजे पक्का मुक्काम, असा हिशेब. डागडुजीला परवाना, बोळीत सांडपाणी आलं तर दंड.

नोव्हेंबर १९६९ : लेबनॉनचं लष्कर आणि पीएलओ (पॅलेस्टाइन मुक्ती संघटना) यांच्यात कैरो करार झाला. कॅम्पांचा कारभार पॅलेस्टिनींच्या हाती आला आणि छतं सिमेंटची झाली.

१९८२ ते १९८८ : ती छतं कोसळली. सप्टेंबर १९८२ चं हत्याकांड सगळ्यांना ऐकून माहीत असतं. पण कॅम्पच्या इमारती मुख्यतः पाडल्या त्या १९८५ ते ८७ च्या 'कॅम्पांच्या युद्धात', अमल या लेबनीज शिया सशस्त्र संघटनेच्या वेढ्यांनी, आणि १९८८ मध्ये पॅलेस्टिनी गटांच्या आपसातल्या लढाईने.

१९९० नंतर : कॅम्पची हद्द तेवढीच, माणसं वाढत गेली. मग वर चढायचं. २०११ नंतर सीरियातून लोक आले आणि आणखी वर चढले.

ज्यांना इमारती, पाणी, कायदा यातलं कळतं त्यांनी भर घालावी.

खडीसाखर

चांगला धागा. पन्नासच्या दशकातल्या शिध्याबद्दल लिहिते, कारण 'फुकट खायला मिळायचं' हे वाक्य अशा चर्चेत येतंच.

उन्रवाचा मूळ कोरडा शिधा माणशी महिन्याला असा : पीठ १० किलो, डाळी-कडधान्य ६०० ग्रॅम, साखर ६०० ग्रॅम, तांदूळ ५०० ग्रॅम, तेल-तूप ३७५ ग्रॅम. याचे दिवसाला साधारण १,५०० उष्मांक होतात. हिवाळ्यात थोडं पीठ आणि कडधान्य वाढवून १,६००. गणित करून बघा : त्या १,५०० मधले ११५० च्या वर एकट्या पिठाचे. म्हणजे पोट भाकरीनेच भरायचं. भाजी, दूध, मांस यात नाही. लहान मुलं, गरोदर बायका यांना दूध आणि पूरक आहार वेगळा मिळे.

आता गडबड कुठे व्हायची ते. शिधापत्रिकांच्या संख्येवर वरून मर्यादा होती. नवं मूल जन्मलं की ते प्रतीक्षा यादीत, आणि कुणाचं नाव कमी झालं तरच याचं लागणार. साहजिकच घरं मृत्यू कळवत नसत. आजोबा गेले तरी त्यांचं दहा किलो पीठ चालू राही, आणि त्यावर यादीत अडकलेलं नातवंड जेवे. देणगीदार देश याला फसवणूक म्हणत आणि पुन्हा मोजणीचा आग्रह धरत. मोजणीवाले आले की कॅम्पात तणाव. मर्यादा घातली नसती तर मयत लपवायची वेळच आली नसती, असं माझं मत.

सरसकट शिधावाटप १९८२ मध्ये बंद झालं. नंतर फक्त अतिगरीब कुटुंबांना आणि आणीबाणीत.

निर्मोही

वाचतोय. एक बाळबोध प्रश्न : सत्तर-पंचाहत्तर वर्षांत लोक बाहेर फ्लॅट घेऊन का गेले नाहीत? बैरूत तर शेजारीच आहे.

कायदेबाज

@निर्मोही, बाळबोध अजिबात नाही, सगळं घोडं तिथेच पेंड खातं.

एप्रिल २००१ च्या २९६ क्रमांकाच्या कायद्याने, मान्यताप्राप्त देशाचं नागरिकत्व नसलेल्या माणसाला लेबनॉनमध्ये स्थावर मालमत्ता घेता येत नाही. कायद्यात 'पॅलेस्टिनी' हा शब्द नाही, पण वर्णन दुसऱ्या कुणाला लागू पडत नाही. कारण दिलं जातं 'तौतीन'चं, म्हणजे निर्वासितांना कायमचं वसवण्याला राज्यघटनेचा असलेला विरोध. ज्यांनी २००१ आधी घेतलं होतं त्यांचीही पंचाईत झाली, मुलांच्या नावावर करायची वेळ आली की दार बंद. मग कुणी लेबनीज ओळखीच्याच्या किंवा लेबनीज बायकोच्या नावावर घेतं. ती व्यक्ती फिरली, वारली किंवा घटस्फोट झाला, तर हातात कागद काही नाही.

कॅम्पच्या आत व्यवहार होतात, पण ते जमिनीचे नाहीत. जमीन कॅम्पसाठी भाड्याने घेतलेली किंवा सरकारने दिलेली. राहणाऱ्याला वापराचा हक्क, मालकी नाही. घर 'विकलं' की स्थानिक लोकसमितीसमोर, 'लजना शाबिया'समोर, कागद होतो, साक्षीदार सह्या करतात. लेबनॉनच्या नोंदणी कार्यालयात त्या कागदाला किंमत शून्य.

नोकरीचंही तेच. ऑगस्ट २०१० च्या दुरुस्तीने कामाच्या परवान्याचं शुल्क माफ झालं, म्हणून बातम्यांत 'हक्क मिळाले' असं आलं. पण डॉक्टर, वकील, इंजिनिअर यांना त्या-त्या व्यावसायिक संघाचं सदस्यत्व लागतं, आणि ते लेबनीज नागरिकांना, किंवा 'तुमच्या देशात आमच्या लोकांना परवानगी असेल तर' या अटीवर. ज्याला देशच नाही त्याने परस्परता कुठून आणायची? सामाजिक सुरक्षेत तर कमाल आहे. पगारावर पूर्ण वर्गणी भरायची (२०१० मध्ये ती २३.५ टक्के होती), आणि लाभ फक्त नोकरी संपतानाच्या रकमेचा, म्हणजे त्यातल्या ८.५ टक्क्यांच्या भागाचा. आजारपण आणि प्रसूतीचा नाही. मालक म्हणतो, मग परवाना काढायचाच कशाला. म्हणून बहुतेक काम बिनकागदी : बांधकाम, रंगकाम, शिवण, दुकानं.

मुसाफिर_७१

@कायदेबाज, भर घालतो. २०१७ च्या जनगणनेत लेबनॉनच्या कॅम्प-वस्त्यांत १,७४,४२२ पॅलेस्टिनी मोजले गेले, आणि उन्रवाच्या नोंदणीत साडेचार लाखांहून जास्त. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. परदेशी गेलेल्याचं नाव उन्रवाच्या वहीतून आपोआप निघत नाही. म्हणजे निर्मोहींच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर 'गेले की, पण बैरूतमध्ये नाही, देशाबाहेर' असं आहे. त्याच जनगणनेत शातिलात पॅलेस्टिनी अल्पसंख्य निघाले, निम्म्याहून जास्त रहिवासी सीरियन.

स्लॅबवाला

आता माझ्या आवडीचं. मजले कसे चढतात आणि का पडतात.

क्रम असा. बापाने तळमजला बांधला. स्तंभांच्या सळया छतावर हात-दीड हात उघड्या सोडल्या, पुढच्या मजल्यासाठी. थोरल्याचं लग्न ठरलं की त्यावर एक मजला, कारण घर दाखवल्याशिवाय सोयरीक जमत नाही. मग धाकट्याचा. मग पैशांची नड पडली की छताचा हक्कच तिसऱ्याला विकला. अरबीत छताला 'सत्ह' म्हणतात, आपल्याकडे हिंदी-उर्दूतून ऐकलेला 'सतह' तोच.

पाया मात्र पहिल्याच दिवशी झाला, एका किंवा दोन मजल्यांच्या बेताने. ढोबळ हिशेब : काँक्रीटच्या राहत्या घराचा एक चौरस मीटर मजला, भिंती-माणसं-सामान धरून, साधारण एक टन. चाळीस मीटरचं घर म्हणजे मजल्याला चाळीस टन. पाच चढवले की दोनशे. दक्षिण बैरूतची जमीन वाळूची. इमारतीचा एक भाग दुसऱ्यापेक्षा जास्त खचला तर तडा दाराच्या कोपऱ्यातून तिरपा वर जातो. तिरपा तडा दिसला की गिलावा करून झाकू नये. त्यावर चुन्याची किंवा काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहावी. पट्टी तुटली तर इमारत अजून खचते आहे.

दुसरा शत्रू मीठ. बैरूतच्या कॅम्पांत नळाला आणि विहिरींना खारट पाणी येतं. भूजलाचा उपसा इतका की समुद्र आत शिरलाय. त्या पाण्यात सिमेंट कालवलं की क्लोराइड थेट सळईपाशी जातं. गंज लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो, म्हणून स्लॅबच्या खालचा पापुद्रा फुगतो आणि तुकडे पडतात. दुरुस्ती नीट करायची तर : आधी खालून टेकू लावा. मग सैल काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत फोडा, नुसतं पुढून नाही. तारेच्या ब्रशने गंज काढा. सळई पाचव्या हिश्श्याहून जास्त झिजली असेल तर शेजारी नवी बांधा. शेवटी भर गोड्या पाण्याने. गोडं पाणी विकतचं, म्हणून नेमकी हीच पायरी गाळली जाते आणि दोन-चार पावसाळ्यांत पुन्हा तेच.

उन्रवाची घरदुरुस्तीची योजना आहे. कुटुंबाला रोख रक्कम हप्त्यांनी, काम कुटुंबाने करवून घ्यायचं, इंजिनिअर तपासून पुढचा हप्ता सोडतो. पद्धत चांगली, पण पैसा देणग्यांवर, म्हणून यादी लांब. आणि खालचा मजला दुरुस्त करायचा तर वरच्या चार घरांची संमती लागते, हे कुणी लक्षात घेत नाही.

अंबाडी

स्लॅबवाला, हे वाचून उल्हासनगर आठवलं. तेही मूळचं कल्याण कॅम्प, लष्कराच्या बराकींत सिंधी निर्वासित, आजही पत्ता 'कॅम्प नंबर चार'. आणि तिथेही उल्वा नावाच्या हलक्या प्रतीच्या रेतीच्या जुन्या इमारतींचे स्लॅब पडतात.

कायदेबाज

@अंबाडी, स्लॅबपुरतं साम्य खरं. पण तिथल्या माणसाला १९५० मध्ये राज्यघटनेने नागरिक केलं, १९५४ च्या विस्थापित भरपाई कायद्याने मालमत्तेचे दावे निकाली काढले, आणि त्याने कारखाना काढला, निवडणूक लढवली. बेकायदा बांधकाम नियमित करा म्हणून तो आमदाराकडे जाऊ शकतो. शातिलाच्या माणसाला आमदारच नाही.

ओवी_म

रोजच्या जगण्यातलं पाणी आणि वीज कुणीच लिहिलं नाही, म्हणून मी.

ही दोन वेगळी खाती नाहीत. पाणी पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढतं, म्हणजे वीज आली तर पाणी. २०२१ मध्ये सरकारी वीज दिवसाला एक-दोन तासांवर आली होती. वीज येते त्याच तासात सगळी बोळ पंप लावते आणि दाब पडतो. बाकी वेळ खासगी जनरेटर, 'इश्तिराक'. तो अँपिअरवर विकला जातो. पाच अँपिअर घेतले तर २२० व्होल्टवर ११०० वॅट : फ्रिज, दिवे, पंखा, टीव्ही. कपडे धुण्याच्या यंत्राचा हीटर लागला की कटाऊट पडतो, म्हणून यंत्र थंड पाण्यावर किंवा सरकारी विजेच्या तासात. पंपही त्याच तासात. त्या तासाला घरात कुणीतरी असावंच लागतं, आणि ती बहुधा बाईच असते. बाईच्या नोकरीवर याचा किती परिणाम होतो, ते मोजायला हवं.

नळाचं खारट पाणी धुण्याभांड्यांना. त्याने नळ सडतात, गिझरची कॉइल जाते, केस चिकट राहतात. प्यायचं आणि चहाचं पाणी विकत.

वायरींचं : वीजवाहिन्या आणि पाण्याचे पाइप एकाच बोळीतून, एकमेकांत गुंतून, डोक्याच्या उंचीवर जातात. पाइप गळला की वायर ओली, आणि पावसात हात लागला की माणूस गेला. शातिला आणि बैरूतचाच दुसरा कॅम्प बुर्ज अल-बराजनेह, दोन्हीकडे असे मृत्यू होत आलेत.

स्लॅबवाला

@ओवी_म, तुमच्या टाकीतच माझा मुद्दा आहे. हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन. गच्चीवर दहा घरांच्या दहा टाक्या म्हणजे दहा टन, आणि त्या सोयीसाठी जिन्याच्या एकाच कोपऱ्यात. त्या भिंतींच्या माथ्यावर, तुळईच्या वर, विखरून ठेवायला हव्यात. मधल्या स्लॅबवर कधीच नाहीत.

शॉकचं उत्तर म्हणून बाहेरचे लोक ३० मिलिअँपिअरचा गळती-कटाऊट (वीज अंगातून किंवा जमिनीत गळली की तोडणारा) लावा म्हणतात. बरोबर आहे. पण तीन घरं एकच न्यूट्रल वापरत असतील तर तो सारखा पडतो, आणि आठवड्यात कुणीतरी बायपास करतं. आधी प्रत्येक घराचा न्यूट्रल मीटरपासून वेगळा ओढा, मग कटाऊट. उलट क्रमाने पैसे वाया.

निर्मोही

हे सगळं बघतं कोण? पोलीस, नगरपालिका?

मुसाफिर_७१

नगरपालिका नाही. उन्रवा शाळा, दवाखाना, कचरा, गटारं एवढं बघते. कारभार आणि पोलिसी तिच्याकडे नाही, हे लोकांना पटत नाही पण तसंच आहे. शाळांची नावं पॅलेस्टाइनच्या गावांची, अभ्यासक्रम लेबनॉनचा. बाकी वीज-पाणी-भांडणं लोकसमितीकडे, आणि समिती राजकीय गटांनी नेमलेली. शातिलात २००५ मध्ये रहिवाशांनी मतदान करून स्वतःची समिती निवडली होती. फार टिकली नाही, गटांना ती नकोच होती.

चष्मा_बदला

धाग्यात १९८२ एका ओळीत उरकलंय. 'साब्रा आणि शातिला कॅम्पात तीन हजार मारले' हे लिहायला हवं होतं.

मुसाफिर_७१

लिहितो, पण दोन दुरुस्त्यांसह. साब्रा हा कॅम्प नाही, शेजारची वस्ती आणि बाजार आहे. आकड्यावर एकमत नाही. इस्रायलच्या बाजूचा अंदाज ७०० ते ८००, वरचा अंदाज ३,५०० पर्यंत. अनेक प्रेतं ढिगाऱ्यांखाली गेली, अनेक माणसं ट्रकमधून नेली ती परत आली नाहीत, म्हणून मोजणी पुरी झालीच नाही. मेलेल्यांत लेबनीज गरीबही होते.

बाकी घटनाक्रम वादातीत आहे. ऑगस्टअखेरपर्यंत पीएलओचे लढवय्ये बैरूत सोडून गेलेले. १४ सप्टेंबरला लेबनॉनचे नवनिर्वाचित अध्यक्ष बशीर जमाएल बॉम्बस्फोटात मारले गेले. इस्रायली सैन्य पश्चिम बैरूतमध्ये शिरलं आणि कॅम्पला वेढा दिला. १६ ते १८ सप्टेंबर फलांजिस्ट (जमाएल यांच्या बाजूचे लेबनीज ख्रिस्ती सशस्त्र लोक) आत होते, रात्री वरून इस्रायली प्रकाशगोळे. फेब्रुवारी १९८३ मध्ये इस्रायलच्याच काहान आयोगाने संरक्षणमंत्री शॅरन यांच्यावर व्यक्तिगत जबाबदारी ठेवली, आणि त्यांना ते पद सोडावं लागलं.

वेढ्यांबद्दल : १९८५ च्या मेमध्ये पहिला, १९८६ च्या उन्हाळ्यात दुसरा, नोव्हेंबर १९८६ ते एप्रिल १९८७ तिसरा. दफनभूमी कॅम्पबाहेर, जायला वाट नाही, म्हणून मृतांना मशिदीच्या जमिनीत पुरलं. ती मशीद आजही थडगंच आहे. कॅनडाचे सर्जन क्रिस जियानू आतल्या दवाखान्यात शस्त्रक्रिया करत होते.

नकाशे

उद्ध्वस्त कॅम्प पुन्हा बांधायचा तर कसा, याचं उदाहरण लेबनॉनमध्येच आहे : त्रिपोलीच्या उत्तरेचा नहर अल-बारिद. मे ते सप्टेंबर २००७ मध्ये लष्कर आणि फतह अल-इस्लाम हा कट्टर सशस्त्र गट यांच्या लढाईत जुना कॅम्प पूर्ण जमीनदोस्त झाला, सुमारे २७,००० माणसं बाहेर.

पहिली अडचण : नोंदणीचा नकाशाच नव्हता. रहिवासी आणि काही वास्तुरचनाकारांनी मिळून घरोघरची माणसं बसवली आणि कुणाचं घर कुठे, किती खोल्या, कुणाच्या भिंतीला भिंत, ते आठवणीतून काढलं. शेजाऱ्याने सही केली की नोंद पक्की. मोहल्ले मूळ गावांचे : सफ्फूरी, दामून, सासा. त्यामुळे चूक लगेच पकडली जायची.

दुसरी अडचण लष्कराची मागणी : रस्ते गाडी जाईल इतके रुंद हवेत. लोकांना बोळी आणि वाडा-पद्धतीची घरं हवी होती, भावकी एका जिन्यावर. तोडगा असा की प्रत्येक घराने थोडी जागा सोडायची, उंची चार मजल्यांपर्यंत, पण प्रत्येक कुटुंबाची इमारत वेगळीच राहणार, ब्लॉकच्या चाळी नाहीत. आणि २००९ मध्ये खोदताना निघालं प्राचीन ऑर्थोसिया शहर. काम न्यायालयाच्या आदेशाने काही काळ थांबलं, मग अवशेष झाकून वर भर घालून पुढे सुरू झालं. काम टप्प्याटप्प्याने, देणगी येईल तसं. म्हणून एका कुटुंबाला घर मिळालं तेव्हा दुसऱ्याचं शाळेत गेलेलं पोर कॉलेजात पोचलं होतं.

खडीसाखर

नकाशे, उंची चार मजले म्हणजे पुढच्या पिढीच्या लग्नाचं काय? सळया वर सोडायला परवानगी आहे का?

नकाशे

आराखड्यात चारच्या वर नाही. ज्यांच्या जुन्या घराचे दोनच मजले होते त्यांना तेवढंच क्षेत्र बांधून मिळतं, बाकीचं पुढे स्वतःच्या खर्चाने. म्हणून गच्ची कुणाच्या वाट्याची ते कुटुंबात आधीच लिहून घ्यायला लागतं. न लिहिलेल्यांची भांडणं लोकसमितीपुढे येतात.